सतरा नंबरची पेटी

हॉलंडच्या खरेदीदाराने मला फसवलं आणि मी मंदाबाईंना फसवलं. पहिल्या फसवणुकीबद्दल मी वर्षभर जो भेटेल त्याच्यापुढे आरडाओरडा केला. दुसरीबद्दल घरातसुद्धा बोललो नव्हतो.

आता थंडी पुन्हा पडली आहे, बागांना कागद चढले आहेत, आणि मला गप्प बसवत नाही.

निफाडकडच्या बागांत हिरव्या द्राक्षांत साखर भरायला लागली आणि त्यात थंडी वाढली की मण्यांवर गुलाबी झाक येते. खायला काही बिघडत नाही, पण परदेशी पेटीतून तो घड बाद होतो. म्हणून प्रत्येक घडाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात आणि पिना मारतात. रस्त्यावरून बघितलं तर बाग नेहमीसारखीच दिसते. वाकून मांडवाखाली शिरलं की ती बदलते. डोक्याएवढ्या उंचीवर, ओळीच्या ओळी, कागदात बांधलेली मुंडकी लटकत असतात. सकाळचं धुकं असेल तर चार ओळींपुढे काही दिसत नाही, फक्त कागदाची कुजबुज ऐकू येते. पाखरं हाकलायला बांधलेली चमकी पट्टी वाऱ्यावर घुमत असते. तिचा आवाज एखाद्या माणसाने ओठ मिटून रडावं तसा असतो. माझ्या ओळखीचे धट्टेकट्टे बागायतदारही अशा सकाळी मोबाईलवर गाणी लावूनच आत जातात.

मला मात्र त्या कागदांवरचं वाचायची खोड आहे. परवा एका बागेत माल बघायला गेलो, तर पहिल्याच वेलीवर कुठल्यातरी परदेशी मंत्र्याचा अर्धा चेहरा होता. डोळा एकच, आणि तोही दवाने भिजून फुगलेला. शेजारच्या घडावर आयातशुल्काची बातमी. त्याच्या पलीकडे बुडालेल्या जहाजाचा धूर. मग युरोपशी व्यापार कराराच्या चर्चेची एक फेरी, दोन वेली सोडून तिची आधीची फेरी, तिच्याही पलीकडे कुणाच्या तरी लग्नाची जाहिरात. दोन-तीन वर्षांचा जगाचा कारभार त्या बागेत सुटा सुटा टांगला होता आणि प्रत्येक बातमीच्या आत काहीतरी हळूहळू गोड होत होतं. करार झाला की आपल्या द्राक्षांवरचा तिकडचा कर उतरणार, असं एका घडावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी तो कागद फाडला. बागायतदार म्हणाला, "शेठ, घडाने काय घोडं मारलं तुमचं?"

माझा राग वाईट आहे हे मला माहीत आहे. पण त्या रागावरच मी उभा राहिलो. नाशिकला द्वारकेच्या चौकात हातगाडीवर फळं विकत होतो, तिथून द्राक्षं परदेशी पाठवायच्या स्वतःच्या पॅकहाऊसपर्यंत आलो. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही. मी समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. ज्याला सौदा सोडून जायचं असतं त्याचे पंजे आधी वळतात. वळले नाहीत, तर तो कितीही नाही म्हणाला तरी मी जागचा हलत नाही. हॉलंडचा खरेदीदार मला सहा हंगाम फक्त मोबाईलच्या पडद्यावर भेटला, छातीपासून वर. त्याचे पाय मी कधीच पाहिले नाहीत.

पॅकहाऊसमध्ये लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना चाळीस बाया उभ्या असतात. डोक्याला हिरव्या टोप्या, हातात मोजे, मणी छाटायच्या बारक्या कात्र्या. प्रत्येकीला नंबर असतो आणि तिने भरलेल्या पेटीवर त्या नंबराची चिठ्ठी लागते. माल समुद्रापलीकडे गेला तरी तो कुणी भरला हे कळावं म्हणून तशी पद्धत आहे. पण बायांना चिठ्ठी लागत नाही. पेटी उघडली की त्या हात ओळखतात. हात म्हणजे घड रचायची ढब. मंदाबाई डावखुऱ्या, त्यांच्या पेटीत सगळे देठ एका बाजूला कललेले असतात, वारा लागलेल्या गव्हासारखे. त्यांची जाऊ रखमा उजव्या हाताची. तिची पेटी भरत आली की ती शेवटी एक लहानसा घड कोपऱ्यात आडवा निजवायची. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. "राहू द्या की, त्याला झोप आलीय," एवढंच म्हणायची. तो तिचा हात. तिच्यासारखी पेटी दुसरं कुणी भरत नव्हतं.

रखमाचा नंबर सतरा. गेल्या हंगामाच्या आधीच्या हंगामापर्यंत ती टेबलावर होती. पावसाळ्यात कावीळ झाली आणि श्रावणात ती गेली. पुढच्या हंगामाला मंदाबाईंनी स्वतःहून मागितलं, "शेठ, सतरा नंबर मलाच द्या. दुसरीला नगा देऊ." मी दिला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे जुळी. कंटेनर भरला की त्यातली एक पेटी आम्ही बाहेर काढतो आणि आमच्याच कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवतो. बोटीवर जेवढी थंडी असते तेवढीच तिला द्यायची आणि आठवड्याला उघडून बघायची. इथल्या पेटीचं जे होईल, ते समुद्रावरच्या पेट्यांचं होत असणार, असा हिशेब. बाया तिला जुळी म्हणतात. जुळी उघडताना हसायचं नाही, जोरात बोलायचं नाही, असा त्यांनीच घातलेला नियम आहे. मी आधी चेष्टा करायचो. मग एकदा एकटाच आत गेलो. दार मागे लागलं, पंखे घुमत होते, बुरशी येऊ नये म्हणून पेटीत घालतात त्या गंधकाच्या कागदाचा काडी पेटवल्यासारखा वास होता. झाकण उचललं आणि माझा आवाज आपोआप खाली आला. हजारो कोस दूर बोटीच्या अंधाऱ्या पोटात जे चाललंय त्याच्यावरचं झाकण आपण उचललंय, असं खरोखर वाटतं.

गेल्या हंगामातली बोट न्हावाशेव्याहून निघाली तेव्हा जुळी म्हणून मागे ठेवलेली पेटी सतरा नंबरची होती, मंदाबाईंची. बोट तांबड्या समुद्रातून जायची होती. तिथे दुसऱ्याच कुणाचं युद्ध चाललं होतं आणि जहाजांवर हल्ले होत होते. आमचा सुपरवायझर संदीप रोज सकाळी मोबाईलवर बोटीचा ठिपका बघायचा. एका सकाळी तो मोबाईल घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"शेठ, बोट विमानतळावर हाय."

"सकाळी सकाळी पिऊन आलास का रे?"

"आईशपथ. बघा ना तुम्हीच."

मी बघितलं. अरबस्तानच्या वाळवंटात एका विमानतळाची धावपट्टी, आणि तिच्या मधोमध आमची बोट. तिच्याभोवती आणखी दहा-बारा बोटी, सगळ्या जमिनीवर, एकमेकींना खेटून. मुंबईच्या एजंटाला फोन लावला. तो हसला. म्हणाला, "युद्धवाले सॅटेलाइटचे सिग्नल बिघडवतात, म्हणून चुकीची जागा दिसते. काळजी करू नका, बोट पाण्यातच आहे." मी विचारलं, पाण्यात कुठे? तो म्हणाला, "ते आत्ता कुणालाच सांगता येणार नाही."

दोन दिवस बोट वाळवंटात उभी होती. तिसऱ्या दिवशी ठिपका नाहीसा झाला. मग एकदम खाली, आफ्रिकेच्या बाजूला उगवला. कंपनीने वाट बदलली होती, आता सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा. मी कोल्डमध्ये गेलो आणि जुळी उघडली. हिरवीगार. देठसुद्धा ताजे. मला बरं वाटायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. जिची जोडीदारीण वाळवंटात हरवते, तिला काहीच कसं कळत नाही?

माल पोचायला फार उशीर झाला. वाट बदललेल्या सगळ्या बोटी हॉलंडला एकाच वेळी लागल्या आणि तिथला बाजार कोसळला. माझ्या खरेदीदाराला आता तो माल ठरल्या भावात नको होता. उशिरामुळे माल गेला असं म्हणावं, तर दोष बोटीचा आणि युद्धाचा. मग माझा भाव कापता आला नसता. भरतानाच बिघडलेला माल असेल तरच तो दोष माझा. चार दिवसांनी त्याच्याकडून फोटो आला. उघडी पेटी, बुरशीने पांढरे पडलेले घड, आणि कडेला चिठ्ठी: सतरा. खाली एक ओळ, की पॅकिंग सदोष आहे.

मी तसाच लाईनवर गेलो. पट्टा थांबवायला लावला आणि मोबाईल मंदाबाईंच्या तोंडापुढे धरला. एरवी मी त्यांना तुम्ही म्हणतो.

"हा नंबर कुणाचा?"

"माझाच हाय की शेठ."

"मग ही घाण कुणाची?"

त्यांनी मोजे काढले, हात पुसले, मोबाईल घेतला. नातीने शिकवलं असावं तसा दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही.

"शेठ, हा हात माझा नाय."

"नंबर तुझा आणि हात दुसऱ्याचा? भूत येऊन भरून गेलं का पेटी?"

टेबलाच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. मंदाबाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "हा रखमाचा हात हाय."

हसणं बंद झालं. मी म्हणालो, "रखमाला जाऊन आठ महिने झाले."

"मग मी येगळं काय म्हणते?"

चाळीस बाया माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर मला भीती वाटली, आणि मला भीती वाटली की मी ओरडतो. मी म्हणालो, उद्यापासून येऊ नकोस. कामचोर माणसं मेलेल्यांच्या मागे लपतात, असंही म्हणालो. त्यांनी टोपी काढून घडी घातली, टेबलावर ठेवली आणि गेल्या.

दुपारी मी कोल्डमध्ये गेलो. जुळी उघडली. महिना कधीच उलटून गेला होता, तरी एकही मणी सुटला नव्हता. सगळे देठ एका बाजूला कललेले. मंदाबाईंचा हात. त्यानंतर मी तो फोटो मोठा करून पाहिला. देठ सरळ होते. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, बुरशीखाली, एक लहान घड आडवा निजलेला होता.

मी ते झाकण हातात घेऊन किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. बाहेर आलो तेव्हा बोटं वळत नव्हती. मग जुन्या मोबाईलमधले फोटो शोधले. रखमा जिवंत असतानाच्या हंगामातला एक सापडला: हिरवी टोपी, हातात भरलेली पेटी, कॅमेऱ्याकडे न बघता पेटीकडे बघून हसतेय. कोपऱ्यात तोच आडवा घड. तेव्हा डोकं ताळ्यावर आलं. भूतबित काही नव्हतं. त्या हंगामातल्या एका पेटीला तिकडे बुरशी आली असणार, हजारात एखादीला येतेच. खरेदीदाराने त्या पेटीचा फोटो काढला, तेव्हा मला एक शब्द कळवला नाही, आणि जपून ठेवला. लागेल तेव्हा वापरायला. रखमा इथे मेली, तिची दशक्रिया झाली, आणि तिकडे एका थंड गोदामात कुणीतरी तिच्या हातचा सडका माल सांभाळून ठेवला होता. खरं सांगतो, भूत असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी खरेदीदाराला लिहिलं की हा फोटो जुना आहे. पडद्यावर त्याचा चेहरा आला. शांतपणे म्हणाला, फोटो गोदामातून आला आहे, तुला तो मान्य नसेल तर पुढच्या हंगामाचा विचार करू नकोस. सिद्ध कर म्हणाला. मी काय सिद्ध करणार? देठ कुठे कलले आहेत हे? गोदामात माझा माणूस नाही. पंच म्हणून जो माल तपासतो त्याला पगार तिकडचाच. अशा वेळी मी पायांकडे बघतो. पडद्यावर पाय नव्हते.

संध्याकाळी मी लिहून दिलं: पॅकिंगमध्ये चूक झाली, सतरा नंबरच्या कामगाराला काढलं आहे. पुढच्या हंगामाची ऑर्डर वाचली. आयुष्यभर मी फळांचा भाव केला, क्रेटचा केला, ट्रकच्या भाड्याचा केला. त्या दिवशी एका बाईच्या नावाचा भाव केला, आणि तो चांगला झाला.

उन्हाळ्यात नाशिकमध्ये एका हॉटेलच्या हॉलमध्ये नव्या करारावर सभा झाली. दिल्लीहून साहेब आले होते. भिंतीवर चित्रं सरकत होती: इतका कर आहे, इतका उतरेल, इतकी बाजारपेठ. हॉलमध्ये एसी एवढा होता की मला कोल्डमध्ये बसल्यासारखं वाटत होतं. मी उठलो. म्हणालो, "साहेब, तुम्ही कर उतरवाल, माझा भाव वाढेल. पण तो मला द्यायचा की नाही हे तिकडचा एक फोटो ठरवतो. माल सडला की नाही हे बघायला आपल्या बाजूचा माणूस तिथे कोण असणार, हे करारात कुठे आहे?"

साहेब म्हणाले, "तो दोन खाजगी पक्षांमधला विषय आहे."

"युद्धामुळे बोट वळली तो कुणामधला विषय?"

"तुमची सूचना नोंदवून घेतली आहे." शेजारच्या बाईंनी खरंच काहीतरी लिहून घेतलं. पुढचं चित्र सरकलं. माझ्या मागे बसलेला माणूस म्हणाला, "बसा ना शेठ, जेवण थंड होतंय."

आणि आता पुन्हा थंडी. मंदाबाई शिवऱ्याच्या रस्त्याला एका बागेत कागद लावायला जातात असं कळलं. सकाळी गेलो. धुक्यात त्या दिसल्याच नाहीत, फक्त पिना मारल्याचा आवाज येत होता, कट, कट. मी मांडवाखाली शिरलो. कागदी मुंडक्यांच्या मधोमध त्यांचं एक मुंडकं वळलं.

"शेठ? वाट चुकले का?"

मी जे सांगायचं ते सांगितलं. फोटो रखमाच्या वेळचा होता. मला त्याच दुपारी कळलं होतं. तरी मी लिहून दिलं. त्यांचे हात थांबले नाहीत. एक घड पुरा बांधून झाल्यावर म्हणाल्या, "मला काढलं त्याचं काय नाय. काम हाताला हाय. पण पोरीच्या सासरी सांगत्यात, हिच्या आईनं परदेशाचा माल सडवला. ती बिचारी जेवताना मान खाली घालती."

"चुकलो मी."

"इथं कुणाला सांगता? ह्या कागदांना? तुम्ही चाळीस जणींपुढं बोलले ना? मग तिथंच सांगा."

सटाण्याकडचा आगाप, म्हणजे लवकर पिकणारा माल आला होता आणि लाईन सुरू झाली होती. त्याच दुपारी मी पट्टा थांबवला. मंदाबाई दाराशी उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मी सगळं सांगितलं, लिहून दिलेला कागदही वाचून दाखवला. बायांनी कात्र्या टेबलावर ठेवल्या. मला शिव्या चालल्या असत्या. मग टेबलाच्या टोकाची एक जण, बहुतेक तेव्हा हसली होती तीच, म्हणाली, "या ना मंदाताई, उभ्या का?" मंदाबाईंनी टोपी घातली. संदीपने चिठ्ठ्यांचं भेंडोळं पुढे केलं. त्या म्हणाल्या, "सतरा नगं. तिकडं रखमा सडकी म्हणून दाखवत्यात तोवर तो नंबर कुणालाच देऊ नका."

आता टेबलावर सोळानंतर एक जागा मोकळी असते. कुणी तिथे उभं राहत नाही, कुणी कात्री ठेवत नाही. परवा मी बघितलं, शेजारच्या बाईने रिकामी पेटी पुढे सारताना ती त्या जागेसमोर क्षणभर थांबवली आणि मग पुढे ढकलली.

हॉलंडच्या खरेदीदाराची ऑर्डर मी त्याच संध्याकाळी परत पाठवली, आणि सोबत माझी पहिली कबुली खोटी होती असंही लिहिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही. मी माझ्या लोकांसमोर उभं राहून माझ्या वाटणीचं उत्तर दिलं आहे, ते पुरेसं आहे की नाही हे मंदाबाई आणि त्यांची लेक ठरवतील. आता बाकीच्यांनी द्यावं. तो फोटो कोणत्या दिवशी काढला ते खरेदीदाराने सांगावं. आणि ज्यांनी बंद दाराआड बसून दोन देशांच्या नावाने करार लिहिला, कर किती उतरेल ते दशांशापर्यंत मोजलं, त्यांनी एवढंच सांगावं: पुढच्या बोटीतली पेटी तिकडच्या गोदामात उघडतील, तेव्हा आमच्या बायांच्या बाजूने त्या पेटीत डोकावणारा माणूस कोण? हुद्दा नको, खातं नको. मला त्याचं नाव सांगा.